दाजींची गाडी मागे जात नाही

आमचे दाजी, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान भारतभाऊ, जेल रोडच्या त्यांच्या कॉलनीत चालण्याबद्दल प्रसिद्ध आहेत. घरची पांढरी गाडी उभी असते पार पलीकडे, मारुतीच्या देवळाशेजारी पिंपळाखाली. तिथून दाजी दोन्ही हातांत भाजीच्या पिशव्या घेऊन घरापर्यंत चालत येतात. ऊन असो, थंडी असो. कॉलनीतल्या बायका आपापल्या नवऱ्यांना गॅलरीत बोलावून हे दाखवायच्या. घरची गाडी असून माणूस चालतो, आणि तुम्हाला कोपऱ्यावरून दूध आणायलाही स्कूटर लागते, असं ऐकवायच्या. नवरे बिचारे बनियनवर उभे राहून बघायचे. गेल्या गणपतीत मंडळाने आरोग्याचा आदर्श म्हणून दाजींचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार केला. शाल अंगावर पडताना दाजींनी मान इतकी खाली घातली होती, की मला वाटलं, काय हा माणसाचा विनय.

विनय कसला, शरमेने मान खाली गेली होती ती. पण हे मला कळायला त्यांच्या लेकीचं, चैतालीचं लग्न व्हावं लागलं.

मी भांडी बाजारात तांब्या-पितळेचं दुकान चालवतो. मला स्कूटरपलीकडे काही चालवता येत नाही आणि त्याचं मला काडीचंही वाईट वाटत नाही. दाजींचा स्वभाव वेगळा. नाशिक रोडच्या प्रेसमध्ये त्यांची सगळी नोकरी गेली. शिफ्टला कधी उशीर नाही, कामात कधी चूक नाही. घरी जेवायला बसले तरी ताटातली चटणी डावीकडेच पाहिजे. अशा माणसाने रिटायर झाल्यावर गाडी घेतली आणि साठीच्या उंबरठ्यावर क्लास लावून ती शिकायला घेतली. शिकवणारा मास्तर तरुण आणि फार गोड बोलणारा. पुढे जाताना 'मस्त, काका, मस्त' म्हणायचा आणि मागे घ्यायची वेळ आली की त्याच्या बाजूच्या ब्रेकवर पाय ठेवून, स्टिअरिंगला हात लावून गाडी स्वतःच मागे घ्यायचा. वर म्हणायचा, बघा, आली की तुम्हाला. दाजींनाही वाटलं, आली.

गाडी घरी आली. चाकाखाली लिंबं ठेवून झाली, ताईने ओवाळलं, पेढे वाटले. पहिल्या रविवारी वणीला गडावर देवीच्या दर्शनाला जायचं ठरलं. दाजींचं रो हाऊस आहे, पुढे छोटंसं अंगण, त्याला फाटक. गाडी तोंड आत करून उभी होती. ती मागे घेऊन रस्त्यावर काढायची, एवढंच काम. दाजींनी रिव्हर्स टाकला, क्लच सोडला आणि गाडी भलतीकडेच वळत मागे गेली ती ताईच्या तुळशीवृंदावनावर.

ते वृंदावन आमच्या वडिलांनी ताईला वास्तुशांतीला दिलं होतं. त्याचे दोन तुकडे झाले, तुळस मुळांसकट फरशीवर आडवी पडली. चैताली तेव्हा कॉलेजात होती, दारात उभी राहून तिने सगळं पाहिलं. दाजी गाडीतून उतरले, तुकड्यांकडे बघत उभे राहिले आणि म्हणाले, सिमेंटच कच्चं होतं. ताई काही बोलली नाही. तिने आतून तेलाचा रिकामा पत्र्याचा डबा आणला, त्यात माती भरली, तुळस लावली आणि संध्याकाळी त्या डब्यापुढे दिवा ठेवला. तिने भांडण केलं असतं तर फार बरं झालं असतं. आमच्या घरात कोणी भांडत नाही, हाच आमच्या घराचा मोठा दोष आहे.

त्या दिवसापासून दाजींनी गाडी मागे घेतली नाही. एकदाही नाही. रिव्हर्सला हात गेला की त्यांच्या कानात तो वृंदावन फुटल्याचा आवाज यायचा. पुन्हा क्लास लावावा, तर प्रेसमध्ये ज्याची चूक कधी निघाली नाही तो माणूस पोरासोरांत जाऊन काय सांगणार? मग त्यांनी सगळं आयुष्यच पुढे जाणारं करून घेतलं. गाडी अंगणात आणायची बंद केली आणि पिंपळाखाली लावू लागले, कारण तिथे गोल फिरून बाहेर पडता येतं. विचारलं तर सांगायचे, डॉक्टरांनी चालायला सांगितलंय. कोणाकडे गेले की गाडी हमरस्त्यावर सोडून आत चालत. तिथे सांगायचे, गल्लीत पोरं खेळतात, त्यांच्या खेळाचा विचका नको. लोक म्हणायचे, केवढा विचार करतात दुसऱ्याचा. हाच तर त्रास होता. दाजी जी थाप मारायचे तिचा लोक सद्गुण करून टाकायचे आणि तो सद्गुण मग दाजींना जन्मभर सांभाळत बसावा लागायचा.

अंगण रिकामं पडलं, तिथे ताई कुरडया वाळत घालू लागली. दाजींनी एकदा दोनदा नवं वृंदावन आणायची गोष्ट काढली. ताई म्हणाली, राहू द्या, डब्यात छान वाढतेय.

चैतालीला नोकरी लागली ती दिंडोरीकडे एका वायनरीत, तिथल्या प्रयोगशाळेत. तिने गाडी शिकायचा हट्ट धरला. आता तिला शिकवायची म्हणजे शेजारी बसून मागे कशी घ्यायची ते सांगणं आलं. दाजी म्हणाले, गाडी एकाच हातात असावी, हात बदलला की बिघडते. झालं, हेही सगळीकडे पसरलं. भारतभाऊ गाडीला दुसऱ्याचा हात लावू देत नाहीत, याचंही कौतुक सुरू झालं. चैताली पुन्हा काही बोलली नाही. आईच्या वळणावर गेली आहे.

तिचं लग्न ठरलं दिंडोरीच्या अलीकडच्या एका गावात. योगेश मुलगा चांगला, द्राक्षबाग, शिवाय औषधांची एजन्सी. त्याचे वडील सावळीरामआप्पा टोपी घालणारे, मोजकं बोलणारे, समोरच्याच्या शब्दाला किंमत देणारे. तुळशीचं लग्न झालं आणि पहिल्याच मुहूर्ताला दिंडोरी रोडवरच्या एका लॉन्सवर दुपारचं लग्न लागलं. जेवणं उरकली, पाठवणीची वेळ आली आणि नवरदेवाची सजवलेली गाडी सुरूच होईना. दोघा-तिघांनी बोनेट उघडून आत डोकी घातली. त्याने काही फरक पडला नाही.

आप्पा दाजींना म्हणाले, तुमची गाडी आहे ना, हार इकडचे तिकडे लावू. कोणीतरी पोरगा चालवायला पुढे झाला तर आप्पांनीच त्याला हटकलं. व्याही गाडी कोणाच्या हातात देत नाहीत, हे त्यांच्यापर्यंतही पोहोचलं होतं. म्हणाले, तुम्हीच सोडा लेकीला. बाप स्वतः लेकीला सासरी सोडायला जातो का, अशी बायकांत कुजबुज झाली, पण तीही फार चालली नाही. आणि खरं सांगायचं तर दाजींचा चेहरा उजळला होता. एकुलती एक लेक. तिला आपल्या गाडीतून तिच्या दारात नेऊन उतरवायचं, हे त्यांच्या मनात होतंच, बोलून दाखवलं नव्हतं इतकंच. त्यांनी आप्पांना दोनदा विचारून घेतलं, की घरापुढे गाडी वळायला जागा आहे ना. आप्पा म्हणाले, खळं आहे मोठं, ट्रॅक्टर फिरतो. मग दाजींनी फेटा नीट केला आणि चावी काढली.

पुढे दाजी आणि मी, मागे नवरानवरी. बाकीच्या गाड्यांचं अजून आवरत होतं, आप्पा मोटरसायकलवर पुढे गेले. ताईने काचेतून चैतालीच्या गालावरून हात फिरवला. दाजी गाडी चालवतात सुरेख, पुढे जायची असेल तर. सगळा रस्ता ते एका हाताने डोळे पुसत होते आणि मी काहीबाही विनोद करत होतो, कारण मला रडणारी माणसं बघवत नाहीत.

डांबरी रस्ता सोडून गाडी शिवारातल्या रस्त्याला लागली. एका बाजूला द्राक्षबागेचं तारेचं कुंपण, दुसऱ्या बाजूला पाण्याची चारी, मध्ये एका गाडीपुरती वाट. एक विहीर लागली, तिच्यापाशी वाट थोडी रुंद होती. ती ओलांडून आम्ही जरा पुढे आलो आणि समोरून ट्रॅक्टर आला. मागे ट्रॉली, ट्रॉलीत टोमॅटोचे क्रेट रचलेले आणि क्रेटच्या कडेला एक म्हातारी बसलेली. ट्रॅक्टरवर तिचा मुलगा होता, फकिरा. म्हातारीचं नाव चिमणाबाई. ही नावं मला नंतर कळली.

फकिराने ट्रॅक्टर थांबवला, फुलांची गाडी पाहून हसला आणि हाताने खूण केली. मग उतरून काचेपाशी आला. म्हणाला, काका, विहिरीपर्यंत थोडी मागं घ्या, मी निघून जातो, बाजाराची वेळ झाली आहे. बोलण्यात काही उर्मटपणा नव्हता. भरलेली ट्रॉली मागे नेणं अवघड, मोटार नेणं सोपं. विहीर तर मान वळवली की दिसत होती.

दाजींनी मान वळवली नाही. त्यांचा हात गिअरवर गेला आणि तिथेच राहिला.  मला वाटलं, लेकीच्या विचाराने भरून आलंय. फकिराने पुन्हा म्हटलं, घ्या ना. आरशात चैतालीचे डोळे दिसत होते, ती सरळ वडिलांकडे बघत होती. आणि दाजी बोलले, अगदी शांत, मोठ्या माणसाच्या आवाजात.

"नवरानवरीची गाडी मागे घेत नसतात."

फकिरा गोंधळला. मीही गोंधळलो. माझ्या आयुष्यात मी असं कधी ऐकलं नव्हतं. पण दाजींचा आवाज असा, की ऐकणाऱ्याला वाटावं, आपल्यालाच माहिती नसेल. तेवढ्यात खोळंबा कसला म्हणून घराकडून आप्पा चालत आले, त्यांच्या मागे आणखी चार माणसं. काय झालं ते फकिराने सांगितलं. आप्पांनी दाजींकडे पाहिलं. दाजींनी तेच वाक्य पुन्हा म्हटलं. दुसऱ्यांदा म्हणताना आवाज आणखी ठाम होता, थाप दुसऱ्यांदा मारताना असतो तसा.

आप्पा म्हणाले, आमच्याकडे हे नाही, पण तुमच्याकडची रीत असेल तर पहिल्याच दिवशी आम्ही ती मोडणार नाही. त्यांनी फकिराला ट्रॉली मागे घ्यायला सांगितलं. फकिराने भरलेल्या ट्रॉलीकडे पाहिलं, चारीकडे पाहिलं, तो काही बोलणार होता. पण वरून चिमणाबाईच बोलली, "घे रं बाबा मागं. नवरीची पहिलीच वाट हाय, आपुन कशाला आडवायची?"

त्याने घेतली. ट्रॉली मागे नेताना हँडल उलटं फिरवावं लागतं म्हणतात, आणि वाट तर एवढीशी. थोडी मागे गेली, मग ट्रॉलीचं ढुंगण चारीकडे वळलं. माणसं ओरडली. चिमणाबाईला कोणीतरी हात धरून खाली ओढली म्हणून बरं, कारण पुढच्या क्षणी ट्रॉलीचं मागचं चाक चारीत गेलं आणि क्रेट एकावर एक घसरत खाली आले. निम्मे चिखलात, निम्मे वाटेवर. लालभडक टोमॅटो आमच्या गाडीच्या चाकांपर्यंत घरंगळत आले.

मी दाजींकडे पाहिलं आणि मला सगळं कळलं. कसं ते सांगता येणार नाही. त्यांचा चेहराच सांगत होता. पिंपळ, भाजीच्या पिशव्या, शाल, श्रीफळ, सगळं एका झटक्यात माझ्यापुढे उभं राहिलं आणि मला त्यांच्या शेजारी बसायचीसुद्धा लाज वाटली.

माणसांनी कुंपणाची तार सोडून ट्रॅक्टर ट्रॉलीसकट बागेत ओढून घेतला, कशीबशी वाट मोकळी केली. वाटेवरचे सगळे टोमॅटो काही उचलून झाले नव्हते. आप्पा म्हणाले, चला, उशीर नको. दाजींनी गाडी पुढे काढली. चाकाखाली टोमॅटो फुटत होते, त्याचा आवाज आत येत होता. चिमणाबाई कडेला उभी होती, हात चिखलाने भरलेले, लुगडं गुडघ्यापर्यंत ओलं. गाडी जवळून जाताना ती वाकली, काचेतून चैतालीकडे बघितलं आणि दोन्ही हात कानशिलांवर नेऊन कडाकडा बोटं मोडली. लेकीची दृष्ट काढली तिने.

खळ्यात उतरल्यावर चैतालीचं माप ओलांडून झालं, ओवाळणं झालं. दाजी एका खुर्चीत बसून राहिले, चहाचा कप हातात तसाच थंड झाला. खळ्यात गोल फिरून आम्ही परत निघालो तर चारीपाशी फकिरा आणि दोघे जण अजून टोमॅटो वेचत होते. दाजी उतरले. फेट्यासकट, नव्या कोऱ्या कपड्यांत चिखलात बसले आणि वेचू लागले. मीही बसलो, काय करणार. त्यांनी खिशात हात घातला तेव्हा चिमणाबाईने तो हात वरच्यावर धरला आणि म्हणाली, पैशाचं नाव काढू नका, तुम्ही रीत पाळली, आम्ही वाट दिली. दाजी पुन्हा टोमॅटो वेचू लागले.

परतीच्या वाटेवर चहाच्या टपरीपाशी त्यांनी गाडी थांबवली, अर्थात पुढे काढता येईल अशी. आणि मला सगळं सांगितलं, वृंदावनापासून. शेवटी म्हणाले, "अशी काही रीत नाही रे. मी जन्मात कधी ऐकली नाही." मला रागही आला होता आणि हसूही येत होतं. पण ते रडायला लागले, तेव्हा मी दोन्ही गिळलं.

काही दिवसांनी चैतालीला माहेरी आणायचं होतं. तिला भाऊ नाही, म्हणून मुराळी होऊन तिला आणायला जायचं काम माझ्याकडे, आणि गाडी असल्यावर दाजी आलेच.  डांबरी रस्त्याच्या कडेला गाडी लावली आणि आम्ही शिवारातून चालत निघालो.

विहिरीच्या जरा पुढे पाहतो तर दुसरीच एक फुलांनी सजवलेली गाडी उभी, आत नवरानवरी. तिच्यापुढे दुधाचा टेम्पो. टेम्पोवाला बिचारा मान बाहेर काढून, घामाघूम होऊन टेम्पो मागे नेत होता. मी त्याला सहज विचारलं, गाडीच का नाही घेतली मागे, विहिरीपाशी तर जागा आहे. तो म्हणाला, "नवरानवरीची गाडी मागं घेत नसत्यात, पाव्हणं. आमच्या गावात नवीन रीत लागलीया." दाजी रस्त्यात उभे राहिले. मला वाटलं, आता हे माघारी वळतील. वळले असते तर मी त्यांना दोष दिला नसता. पण ते चालत राहिले.

घरी आप्पांनी शेजारपाजारची माणसं बोलावून ठेवली होती. भारतभाऊंसारखी जुनं जपणारी माणसं आता राहिली नाहीत, असं ते प्रत्येकाला सांगत होते. दाजी खुर्चीच्या टोकावर बसले होते, इंजेक्शनची वाट बघणाऱ्या माणसासारखे. चैताली चहा देऊन आत गेली नाही, भिंतीशी उभी राहिली. तेवढ्यात चिमणाबाई आली. पदरात टोमॅटो बांधून आणले होते. चैतालीपुढे पदर सोडून म्हणाली, माहेरी चाललीस ना, आईला ने, त्या दिवशीच्याच शेतातले आहेत.

दाजी उठून उभे राहिले. मला कळलं काय होणार ते, आणि मी चहाच्या कपाकडे बघू लागलो.

"आप्पा, रीत वगैरे काही नाही," दाजी म्हणाले. "मला गाडी मागे घेता येत नाही. कधीच आली नाही. लाज वाटली म्हणून मी त्या दिवशी खोटं बोललो, आणि या माउलीचं नुकसान केलं."

 एक जण उगाच खोकला. आप्पांनी टोपी काढली, डोक्यावरून हात फिरवला आणि टोपी परत घातली. गावभर ज्यांनी ही रीत सांगितली होती त्यांनाही आता काय करावं कळत नव्हतं. योगेश जमिनीकडे बघत होता. दाजींचे हात जोडलेले होते आणि ते ना खाली येत होते ना वर जात होते. इतक्या वर्षांत मी त्या माणसाला इतकं उघडं कधी पाहिलं नव्हतं. दुसरीकडे बघावं म्हटलं तर सगळीकडे माणसंच होती.

चिमणाबाई रागावली नाही. तिला खरोखरच नवल वाटलं होतं.

"मंग त्याच येळंला सांगायचं ना, भाऊ," ती म्हणाली. "फकिरा उतरून तुमच्या काचंपाशीच उभा व्हता. त्यानं घेतली असती तुमची गाडी मागं."

एवढंच. दाजी मटकन खाली बसले. एवढा साधा उपाय एवढ्या वर्षांत त्यांना सुचला नव्हता, आणि तो सांगणाऱ्या बाईने त्यांच्याच घरासाठी टोमॅटो आणले होते. चिवडा आला, लाडू आले, त्यांनी कशाला हात लावला नाही. निघण्याआधी ते फकिराला भेटायला त्याच्या शेतावर गेले. मी लांब उभा होतो. फकिराने सगळं ऐकून घेतलं, बरं म्हणाला आणि मोटर सुरू करायला निघून गेला. त्याने हसून सोडून द्यावं अशी माझी फार इच्छा होती. त्याने का द्यावं, हाही प्रश्नच आहे.

डांबरी रस्त्यावर गाडीपाशी आलो तेव्हा चैतालीने हात पुढे केला.

"पप्पा, चावी."

दाजींनी एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा तिच्याकडे आणि चावी दिली. ती वायनरीच्या पिकअपवर कधीच शिकली होती, हे मलाही तेव्हाच कळलं. तिने आरसे आपल्यापुरते फिरवून घेतले, बांगड्या मागे सारल्या. दाजी तिच्या शेजारी बसले आणि मी मागे, नवरदेवाच्या जागी. वाटेत दाजींनी तिला विचारलं, तुला माहीत होतं तर त्या दिवशी गाडीत बोलली का नाहीस. तिने गिअर बदलला. मग म्हणाली, तुम्ही सगळ्यांसमोर मान खाली घातलेली मला बघायची नव्हती. म्हणून गप्प बसले, आणि त्या आजीचे टोमॅटो गेले. माझीही चूक आहेच. दाजी नको नको म्हणाले, पण त्याला काही अर्थ नव्हता.

कॉलनीत शिरल्यावर तिने पिंपळापाशी गाडी थांबवली नाही. सरळ घरापुढे आणली, थोडी पुढे काढली, रिव्हर्स टाकला आणि मागून फाटकात घालू लागली. दाजींनी दोन्ही हातांनी गुडघे धरले होते.

रिव्हर्सचा टीं टीं आवाज ऐकून ताई घरातून धावत बाहेर आली. हाताला कणीक लागलेली. इतक्या वर्षांत तो आवाज त्या अंगणात आला नव्हता. तिने आधी गाडीकडे पाहिलंच नाही. धावली ती थेट कोपऱ्यातल्या तुळशीकडे, तो पत्र्याचा डबा दोन्ही हातांनी उचलला आणि छातीशी धरून भिंतीला पाठ लावून उभी राहिली.

मग तिला गाडी कोण चालवतंय ते दिसलं.

दाजी काचेतून तिच्याकडे बघत होते. वृंदावन काही असं उचलून धरता येत नाही; नवं ती का नको म्हणत होती ते त्यांना तेव्हा कळलं, आणि ते मला त्यांच्या मानेवरूनच समजलं. ताईचीही नजर त्यांच्याकडे गेली, तशी ती एकदम ओशाळली, चोरी पकडली गेल्यासारखी. तिने डबा परत जागेवर ठेवला.